इसातू परत निघाली तेव्हा

इसातूने तिसऱ्यांदा वाजणारा फोन उलटा ठेवला आणि पानातला वरणभात पुन्हा कालवायला घेतला. तिचा घास तोंडापर्यंत जात नाही, हे शरदिनीबाईंना दिसत होतं.

पंचवीस वर्षांपूर्वी ही मुलगी पश्चिम आफ्रिकेतल्या एका लहानशा देशातून बनारसला बियाण्यांचं शास्त्र शिकायला आली, तेव्हा शरदिनीबाई मुलींच्या होस्टेलच्या वॉर्डन होत्या. पहिल्याच वर्षी तिला टायफॉइड झाला. बाईंनी तिला दूधविनायक मोहल्ल्यातल्या आपल्या घरी आणून दीड महिना भाताची पेज भरवली. घरातलं मराठी ती तेव्हाच शिकली. पुढे मायदेशी जाऊन ती खेड्यातल्या बायकांना बियाणं राखायला शिकवू लागली, आणि त्याच बायकांनी तिला आधी जिल्ह्याच्या कौन्सिलवर, मग दोनदा संसदेत पाठवलं. प्रत्येक निकालानंतर तिचा पहिला फोन बहिणीला आणि दुसरा बाईंना.

या वेळी ती एका परिषदेसाठी तीन दिवस आली होती. संध्याकाळी विमान होतं.

फोन चौथ्यांदा वाजला. तो तिने घेतला, उभी राहून ऐकला, आणि मग बाईंना सगळं सांगितलं. नदीकाठची भातजमीन एका कंपनीला द्यायचं घाटत होतं. जमीन त्या बायका कसत होत्या, म्हणून इकडे येण्याआधी इसातूने संसदेत स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत दिलं. पक्षाने तिला काढलं. काल रात्री कुणीतरी तिच्या घरावर दगड मारले, बियाण्याची कोठी पेटवली. बहीण म्हणत होती, सध्या येऊच नकोस.

बाई भराभर बोलू लागल्या. शेजारच्या पद्माचा नवरा वकील आहे, तो व्हिसाचं बघेल. विमान रद्द करता येईल. "वरचा कमरा रिकामाच आहे. तू इथेच राहा."

इसातूने हात धुतले. "मावशी, त्या सगळ्या तिथेच आहेत. त्यांना कुठे जाता येत नाही."

"आणि तुला काही झालं तर?"

"भीती मलाही वाटते. पण मी इथे बसले, तर त्या घाबरून जमीन सोडतील."

बाई रागावल्या. निघताना मात्र तिची छोटी बॅग त्यांनी उचलली आणि गुडघे दुखत असताना मैदागिनच्या चौकापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. टॅक्सीपाशी इसातू पाया पडायला वाकली. "पोचलीस की फोन कर," एवढंच त्या म्हणाल्या.

चार दिवस फोन आला नाही. बाई मोबाईल न्हाणीघरातही घेऊन जात. पद्माला सारखं तिकडच्या बातम्या बघायला लावत; त्या देशाची बातमीच कुठे नसे. पाचव्या दिवशी निरोप आला: पोचले, ठीक आहे.

बायका कोर्टात गेल्या, जमिनीचा निर्णय निवडणुकीपर्यंत लांबला. इसातू अपक्ष उभी राहिली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"तीनशे अकरा मतांनी हरले, मावशी," ती सरळ आवाजात म्हणाली. "जमिनीचा खटला चालू आहे. बायकांनी पेरायला घेतलंय."

बाई काही विचारणार तेवढ्यात तिकडून कुणीतरी इसातूला हाक मारली. "थांब हं," म्हणून तिने फोन कुठेतरी ठेवला, आणि विसरली.

चिखलातून चालणाऱ्या पावलांचा आवाज येत होता. खूप बायका एकदम बोलत होत्या, मधूनच इसातू त्यांना काहीतरी सांगत होती. त्यातला एकही शब्द बाईंना कळत नव्हता. त्या खिडकीपाशी बसल्या आणि फोन कानाला लावून ऐकत राहिल्या.