डॉइलची बिनखुंट्यांची गिटार

"काय दिसतंय का?" ओलेटाबाईंनी पुन्हा विचारलं.

"धूळ दिसतेय. जरा दम धरा, बाई."

मी त्यांच्या गॅरेजमध्ये फरशीवर उताणा पडलो होतो. माझ्यावर चार पायांवर उभी होती डॉइल स्ट्राउडची पेडल स्टील गिटार. ही टेबलासारखी समोर घेऊन बसायचं, हाताने तारा छेडायच्या आणि पायाने पेडलं दाबून सूर चढवायचे. टेक्ससमध्ये या गिटारी दुरुस्त करण्यातच माझा जन्म गेला, पण हे ध्यान कधी पाहिलं नव्हतं. तारा पिळायला एक खुंटी नाही आणि बनवणाऱ्याचं नावही नाही.

डॉइल तेलविहिरींचे पंप दुरुस्त करायचा. गिटार मीच बनवली, असं तो मरेपर्यंत सांगत होता. त्याला पुरून आल्यावर, ब्रिस्किटच्या भाजलेल्या मांसावर ताव मारता मारता पुतण्या म्हणाला, "काकाच्या थापा! उचलली असेल कुठून तरी." ते बाईंच्या जिव्हारी लागलं. चाळीस वर्षं संसार केला तो थापाड्याबरोबर की काय, एवढंच त्यांना माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं.

"त्यानेच बनवलीय," मी खालून म्हणालो. "पेडल दाबलं की तार ओढतात त्या आतल्या सळया पंपाच्या भंगारातल्या आहेत. पुतण्याला सांगा, तोंड सांभाळ म्हणावं."

बाईंनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. मी तिथेच थांबायला हवं होतं, पण माझ्या जिभेला हाड नाही.

"डॉइल चांगला उंच होता ना?"

"दारातून वाकून यायचा. का हो?"

"पायांना मागाहून वीतभर नळ्या जोडल्यात, पेडलांच्या दांड्यांनाही. मुळात ही ठेंगण्या माणसाच्या मापाची होती. आणि पेडलं उलट्या क्रमाने लावलीत. असं फार थोडे लावतात. ज्याच्याकडे शिकलात त्याची ती सवय, जन्मभर सुटत नाही. याला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. आपला आपणच शिकला. बँडवाले हसायचे त्याला, उलट्या पायाचा म्हणून." मग त्या हळूच म्हणाल्या, "माझे मामा पेडलं अशीच उलटी लावायचे."

"मामांकडे कोण शिकलं?"

"मी. चर्चमध्ये वाजवायचे. आई गेली नि सोडलं."

मला पुढचं कळलं. बाई स्वतः जेमतेम पाच फुटी होत्या.

"लग्नाच्या पहिल्या वर्षी याने इथूनच हाक मारली होती. 'ओली, जरा बसून बघतेस का?' मी म्हटलं, तुझ्या लोखंडाला हात लावायला मी रिकामी नाही. पुन्हा बोलला नाही मेला."

मला फार वाईट वाटलं. माझ्या घरी वाट बघणारं कोणी नाही, तरी तेव्हा उठून घरी जावंसं वाटलं.

"बर्ल, त्या नळ्या काढा," बाई म्हणाल्या.

बोल्ट गंजले होते, वेळ लागला. मी सगळ्या नळ्या काढल्या तशी गिटार वीतभर खाली, माझ्या छातीजवळ आली. खुर्ची सरकली. बाईंचा सपाता घातलेला पाय पेडलावर आला आणि न चाचपडता बरोबर बसला.

माझ्या डोळ्यांसमोर सळई सरकली, परत आली, पुन्हा सरकली. वर तार मात्र कोणी छेडली नाही.