मधल्या घंटीचं काय?

कल्पना करा, तुमच्यासमोर वहीएवढा एक स्क्रीन आहे. त्यावर नऊ चित्रं, तीन-तीनच्या ओळींत. चित्राला बोट लावलं की यंत्र बोलतं. वरच्या डाव्या कोपऱ्यात पेला आहे: ‘पाणी हवंय.’ खालच्या उजव्या कोपऱ्यात उशी: ‘मला झोपू द्या.’ अगदी मधोमध घंटी: ‘इकडे या.’ स्क्रीनच्या मागे तळहाताएवढा एक बोर्ड आहे. तोच याचा कॉम्प्युटर. आलं डोळ्यांसमोर? मग चला माझ्याबरोबर.

हे यंत्र एका मुलीने केलं होतं. घरात तिला सगळे खटपटी म्हणत. तिच्या मामाच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी त्याला महिनाभर बोलायला बंदी केली होती. मामा एरवी इतका बोलका, की चुकून कुणाचा फोन लागला तरी त्याची ख्यालीखुशाली विचारायचा. आता तो पाटीवर लिहायचा. पण पाटी वाचायला समोर माणूस हवा. म्हणून मामी दिवसभर त्याच्या उशाशी, आणि बाहेरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन गप्प. शिवायचे कपडे साचत चालले होते. यंत्र नीट बोललं असतं, तर मामीला मशीनवर बसता आलं असतं.

पण सकाळी मामाने पेल्याला बोट लावलं आणि यंत्र म्हणालं, ‘मला झोपू द्या.’ मामीने पडदे ओढले, दार लोटलं आणि ती निघून गेली.

खटपटी आली तेव्हा पाटीवर लिहिलेलं होतं, ‘पाणी मागितलं, अंधार मिळाला.’

“प्रोग्रॅम बिघडलाय,” मामाचा मुलगा म्हणाला. खटपटीचा तो दादा. “सगळा पुसून नव्याने लिही.”

“काल चालत होता ना, दादा.”

“मग बंद करून चालू कर.”

“केला. तरी झोपायचंच म्हणतोय.”

“बाबांवर गेलाय.”

मामाने त्याला खडू फेकून मारला.

खटपटीने काही पुसलं नाही. तिने बोर्डाला माऊस जोडला आणि बाण पेल्यावर नेऊन क्लिक केलं. ‘पाणी हवंय,’ यंत्र स्वच्छ म्हणालं.

“म्हणजे प्रोग्रॅम शहाणा आहे,” ती म्हणाली. “घोळ बोटाचा आहे.”

मामाने आपलं बोट निरखून पाहिलं.

मग तिने एकेक चित्र बोटाने दाबलं. पेला दाबला की उशी बोलायची, उशी दाबली की पेला. वरचा उजवा कोपरा दाबला की खालचा डावा. फक्त मधली घंटी दाबली की घंटीच बोलायची. ती तिथेच थांबली. आठ जण चुकतात, मग हिचंच कसं बरोबर?

तुम्हीही करून बघा. एक कागद टेबलावर ठेवा आणि तो पालथा न करता, खालची कड वर जाईल असा गोल फिरवा. कोपरे समोरासमोर जागा बदलतात. मधला ठिपका मात्र हलत नाही.

“दादा, काल हा स्क्रीन स्टँडवर तू बसवलास ना?”

“हो. वायर खालून यायची, उभाच राहत नव्हता. म्हणून उलटा बसवला. चित्र उलटं दिसायला लागलं, ते सेटिंगमध्ये फिरवलं.”

“चित्र फिरवलंस. स्पर्श?”

दादा डोकं खाजवायला लागला. “ते वेगळं असतं?”

वेगळंच असतं. चित्र दाखवणं हे एक काम, बोट कुठे लागलं ते ओळखणं हे दुसरं. इथे पहिल्याला फिरायला सांगितलं होतं, दुसऱ्याला कोणी कळवलंच नव्हतं. खटपटीने सेटिंगमध्ये स्पर्शही तेवढाच फिरवला आणि सगळी चित्रं पुन्हा दाबून पाहिली. सगळी जागेवर होती. मामाने घंटी दाबली. मामी आली, ऐकून हसली, आणि जरा वेळाने बाहेर मशीन खडखडायला लागलं.

दादा टाळ्या वाजवत होता. खटपटीने मात्र बोर्ड रीतसर बंद केला आणि प्लग उपटला.

मामाने घाईघाईने लिहिलं, ‘अगं, आत्ताच तर बोलायला लागलो!’

“सेटिंग लक्षात राहतंय का बघू दे, मामा. नाहीतर उद्या पुन्हा अंधार.”

तिने प्लग लावला. चित्रं आली. तिने पेल्याला बोट लावलं.

‘पाणी हवंय.’

बाहेरचं मशीन थांबलं.

“मामी, तू शीव,” खटपटीने हाक दिली आणि पेला घेऊन पाणी आणायला गेली.