कॉल पिंगळ्याचा

मी मारलेला बॉल मंगळवारी दुपारी सव्वातीनला वर गेला आणि पुढच्या बुधवारपर्यंत खाली आला नाही.

अखिल भारतीय आंतरविद्यापीठ बेसबॉल स्पर्धेची ती फायनल होती. नववा म्हणजे शेवटचा डाव, आमचे दोन आउट, स्कोअर बरोबरीत. बरोबरीत सुटली असती तर कप समोरच्या टीमला मिळणार होता, कारण साखळी सामन्यांत त्यांच्या रन्स जास्त होत्या. आमचा कॅप्टन इम्तियाज मुलाणी तिसऱ्या बेसवर होता. बॉल जमिनीवर पडला आणि इम्तियाज होम प्लेटवर पोचला की आम्ही देशात पहिले. कोणी झेल घेतला की मी आउट आणि आम्ही दुसरे. हे सगळं मला माहीत होतं. आमच्या डांगे सरांनी ते माझ्या मनगटावर बॉलपेननं लिहूनही दिलं होतं.

पण आमची टीम मुळात क्रिकेटवाल्यांची. कॉलेजच्या क्रिकेट निवडीतून जे उरतात त्यांना डांगे सर जिमखान्याच्या दारातच धरतात, "खांदे बघू" म्हणतात आणि बेसबॉलचा शर्ट देतात. त्यामुळे बॉल वर गेल्यावर मी जे केलं ते आमच्यातल्या कोणीही केलं असतं. मी बॅट घेऊनच पळालो, पहिल्या बेसवर बॅट टेकवली, वर बघितलं आणि हात पुढे करून ओरडलो, "नो!"

इम्तियाज निम्म्या वाटेवर होता. बारा वर्षं क्रिकेट खेळलेला माणूस. तो गर्रकन वळला आणि तिसऱ्या बेसवर परत गेला.

"अरे पळ!" डांगे सर बाहेरून ओरडले. "बेसबॉल आहे हा! पळ की मुलाण्या!"

"कॉल पिंगळ्याचा आहे सर," इम्तियाज म्हणाला.

पिंगळे म्हणजे मी.

अंपायर टेंबे यांनी वर बघितलं. मग घड्याळात बघितलं. मग खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं, एक पान वाचलं आणि परत खिशात ठेवलं.

"बॉल लाइव्ह आहे," ते म्हणाले. "जो जिथे आहे तिथे."

बुधवारी बक्षीस समारंभ ठरल्याप्रमाणे झाला. प्रमुख पाहुण्यांनी उंच भरारीवर भाषण केलं आणि आमच्याकडे हात करून दोनदा टाळ्या मिळवल्या. कप टेबलावर ठेवून त्यावर टॉवेल टाकला होता. बाकीच्या टीम आपापल्या गाड्यांनी गेल्या. मेसमधून आमच्यासाठी पोहे आले. बॉल दिसत होता, पण मोहरीएवढा. त्याची सावली मात्र अख्ख्या मैदानावर पडली होती, त्यामुळे ऊन लागत नव्हतं. यजमानांची सोय चांगली आहे, असं टेंबे म्हणाले.

गुरुवारी सकाळी म्हाळूमामा फक्कीचं पोतं घेऊन आले. मैदानाच्या रेषा रोज तेच मारायचे. मी पहिल्या बेसवरून बघत होतो. त्यांनी रेषा मारली ती कालच्या रेषेच्या बरीच आतून.

"मामा, मैदान लहान झालं."

"व्हय. एकच पोतं हाय बाळा. तुमचा सामना किती दिस चालंल त्येचा नेम न्हाई. पुरवून पुरवून मारतोय."

त्यांनी बेसही उचलून आत आणले. पहिला बेस उचलताना "पाय काढ जरा" म्हणाले. मी पाय काढला, मग परत ठेवला. नव्या रेषेबाहेर समोरच्या टीमचे दोन फील्डर राहिले. रेषेबाहेरचा माणूस सामन्यात नाही, म्हणून ते दोघं पेपर द्यायला गेले. आमच्या बाजूचंही तसंच झालं. शुक्रवारी पॅव्हेलियन रेषेबाहेर बरंच लांब गेलं आणि शनिवारी ते नव्हतंच. डांगे सर होते, पण त्यांचा आवाज शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा यायचा. शब्द कळायचे नाहीत, राग कळायचा.

शनिवारी तिसरा बेस इतका जवळ आला की इम्तियाजशी ओरडल्याशिवाय बोलता यायला लागलं.

"पिंगळ्या," तो म्हणाला, "पोलीस भरतीचा फॉर्म बुधवारी पाचला बंद होतोय."

"मग?"

"गोल्ड असलं तर क्रीडा कोट्यात माझा तिसरा नंबर लागतोय. सिल्व्हर असलं तर चौथा."

"जागा किती?"

"तीन."

मी वर बघितलं. मोहरी आता वाटाण्याएवढी झाली होती.

"पुढच्या वर्षी वयात बसत नाही मी," इम्तियाज म्हणाला. "आत्ता पळून होम प्लेटवर उभा राहिलो, तर बॉल पडल्या पडल्या आपलं काम झालं. येस का?"

"थांब," मी म्हणालो.

तो थांबला. इम्तियाजचं हे असं आहे. कॉल तुमचा असला की तुम्ही सांगाल तेच. रविवारी सकाळी त्यानं विचारलं, "येस का?" मी म्हणालो, "थांब." दुपारी त्यानं नुसत्या भुवया उडवल्या. मी मान हलवली.

खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं. मी आजवर सात जणांना रनआउट केलंय. त्यातला एक माझा मामेभाऊ. आम्ही नुसते एकाच वस्तीत नाही, एकाच गल्लीत राहतो, दाराला दार लागून, आणि त्याच्या लग्नाची पत्रिका आम्हाला पोस्टानं आली. मी "येस" म्हटलं की कोणीतरी धुळीत आडवा पडतो आणि उठून माझ्याकडे बघतो. इथे सहा दिवस मी काहीच चुकलो नव्हतो. बॉल वर होता. कोणी आउट नव्हतं, कोणी हरलं नव्हतं, इम्तियाज तिसरा होता आणि चौथाही होता. पोहे वेळेवर येत होते. घरून फोन आला तेव्हा आईनं विचारलं, "जिंकलास का रे?" मी म्हणालो, "अजून चालू आहे." ती म्हणाली, "बरं झालं बाई." इतकी खूश ती दहावीच्या निकालालाही नव्हती.

सोमवारी रेषेच्या आत पाचच माणसं उरली. टेंबे, म्हाळूमामा, इम्तियाज, मी आणि चेतन बावणे.

चेतन त्यांचा लेफ्ट फील्डर. बॉल वर गेल्यापासून तो त्याच्या बरोबर खाली उभा होता आणि त्याच्या हातात माझा ग्लोव्ह होता. त्याचं असं आहे की आमच्या स्पर्धांत ग्लोव्ह कायम कमी पडतात. म्हणून डाव बदलला की आपला ग्लोव्ह समोरच्या टीममधल्या आपल्याच जागेवरच्या माणसाला द्यायचा, आणि देताना तळव्यात एकदा फुंकर मारायची, अशी रीत आहे. फुंकर मारली की डाव बदलला. मारली नाही तर नुसताच दिलेला ग्लोव्ह कोणी घेत नाही. मीही लेफ्ट फील्डला, म्हणून माझा ग्लोव्ह चेतनकडे. अंगठ्याजवळ फाटला तेव्हा आईनं त्याला माझ्या जुन्या दप्तराचा तुकडा लावून दिला होता. त्यावर अजून "इयत्ता सहावी ब" असं वाचता येतं.

सहा दिवस वर बघून चेतनची मान तशीच राहिली होती. ती खाली येत नव्हती. एक साळुंकी त्याच्या कपाळावर येऊन बसायची आणि तो तिला काही म्हणायचा नाही. पोहे मीच त्याला चमच्यानं भरवत होतो, वरून सोडल्यासारखे.

"लिंबू जास्त झालं का?"

"नाई, बरोबर हाये," तो आभाळाकडे बघत म्हणाला. "पण तू इतक्या वर काऊन मारला बे?"

"लागला तसा."

"या स्पर्धेत माह्याकडून तीन सुटले. सेमीफायनलले एक तर असा, हातात येऊन पडला. तवापासून टीममधलं कोणी माह्याशी बोलत नाई. जाताना बी कोणी सांगून गेलं नाई." त्यानं पोहे गिळले. गिळलेले घशातून खाली जाताना स्पष्ट दिसले. "हा एक धरला का मंग बोलतीन."

"आणि सुटला तर?"

"सुटला तर घरी बी नाई जात मी. बाबानं अख्ख्या गावाले सांगून ठेवलं हाये."

मी चमचा पुसला. वर बॉल लिंबाएवढा होता. इम्तियाज तिसऱ्या बेसवर, म्हणजे माझ्यापासून दोन पावलांवर, पाठ करून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्याच्या मानेवरून कळत होतं.

मंगळवारी मैदान आमच्या हॉस्टेलच्या खोलीएवढं झालं. टेंबे रेषेवर एका पायावर उभे राहिले, कारण दुसऱ्या पायाला जागा नव्हती. "नियमात बसतं," ते म्हणाले. रेषेबाहेर बघायला आता काही नव्हतं, पांढरट होतं सगळं, पाटी पुसल्यावर असते तसं. त्यातून डांगे सरांचा हात तेवढा आला. हातात इम्तियाजचा फॉर्म आणि पेन होतं. इम्तियाजनं गुडघ्यावर कागद ठेवून नाव, पत्ता, उंची, छाती फुगवून आणि न फुगवता, सगळं भरलं. "पदक" पुढची जागा कोरी ठेवली. हात फॉर्म घेऊन परत गेला.

बुधवारी दुपारी साडेचारला म्हाळूमामांनी पोतं उलटं करून झटकलं. चार मुठी फक्की निघाली. त्यात त्यांनी एक चौकोन मारला. त्यावर दोन माणसं जेवायला बसली असती, तिसऱ्याला पंगत बदलावी लागली असती. आम्ही तिघं त्यात उभे राहिलो. पहिला बेस माझ्या टाचेखाली, तिसरा इम्तियाजच्या. होम प्लेट आमच्या मधोमध, वीतभर अंतरावर.

"संपली," म्हाळूमामा म्हणाले आणि रेषेबाहेर पाऊल टाकून दिसेनासे झाले.

सावलीही मैदानाबरोबर लहान होत आली होती. आता ती बशीएवढी होती आणि चेतनच्या छातीवर पडली होती. बॉल उतरत होता. त्याची लाल शिवण दिसत होती, टाके मोजता आले असते.

"हात वर जात नाई," चेतन म्हणाला.

"म्हणजे?"

"आठ दिवस खाली लोंबकळत होता ना. अखडला. पिंगळे, तू घे ग्लोव्ह. तुहाच हाये. तूच पाह्य काय करायचं ते."

"फुंकर मारायची नाही," टेंबे रेषेवरून म्हणाले. "मारलीत तर डाव बदलेल."

चेतननं तोंड मिटलं. इम्तियाज माझ्याकडे बघत होता. बॉल पडला तर तो तिसरा, धरला तर चौथा. चेतन वर बघत होता. धरला तर घर, सुटला तर नाही. आणि मी त्या दोघांच्या मध्ये बॅट घेऊन उभा होतो.

मी बॅट खाली ठेवली. पहिल्या बेसवर टेकवली होती ती, त्यानंतर पहिल्यांदाच हातातून सोडली. तळवा हलका झाला. मग मी तोच हात चेतनच्या ग्लोव्हमध्ये, त्याच्या हाताखालून, घातला. दोघांची दहा बोटं पाच घरांत बसली. ग्लोव्हला माझा हात ओळखीचा होता, त्यानं जागा करून दिली. त्याचा हात गार होता. मी माझा वर नेला तसा त्याचाही वर गेला.

"काय करतोस?" इम्तियाजनं विचारलं.

"हात वर धरतोय त्याचा. एवढंच."

"धरणार का सोडणार?"

"यातली कुठली बोटं माझी आहेत, ते मला कळत नाहीये."

"मले बी नाई," चेतन म्हणाला.

इम्तियाजनं मान डोलावली. आठ दिवसांत पहिल्यांदाच तो हसला. "वीस मिनिटं राहिलीत भावा. गोल्ड होऊ दे नाहीतर सिल्व्हर होऊ दे, पण काहीतरी भरू दे मला त्या फॉर्ममध्ये. आठ दिवस पाय वळवळतोय. कॉल दे."

सावली ग्लोव्हच्या मापाची झाली आणि ग्लोव्हमध्ये बसली. चेतनची मान कटकन वाजली आणि सुटली. तो वर बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागला. त्याचे डोळे घारे होते, हे मला तेव्हा कळलं. माझ्या छातीतलंही काहीतरी तसंच सुटलं.

"येस!" मी ओरडलो.

इम्तियाजनं पाय उचलला. तो पाय वीतभर अंतराच्या मधोमध, होम प्लेटच्या वर आला. बॉल माझ्या कपाळाएवढा झाला, आणि त्याच्या पुढे रेटली गेलेली हवा ग्लोव्हच्या तळव्यात शिरली, अगदी कोणीतरी जवळून फुंकर मारावी तशी. टेंबे यांनी खिशातून पुस्तक काढलं.