बसवण्णाची माती

बसवराज सरांनी देवळाचं दार ढकललं आणि स्वतः बाजूला होऊन पुण्याहून आलेल्या बाईंना आधी आत जाऊ दिलं. बसवण्णा दिसल्यावर बाईंचा चेहरा कसा होतो ते त्यांना बघायचं होतं. त्या एका घडीसाठी त्यांनी दोन वर्षं पुण्याला पत्रं लिहिली होती.

बाई आत गेल्या, डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या,

"कुठे आहे?"

सर आत डोकावले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ओट्यावर विभूतीचं पांढरं रिंगण तेवढं उरलं होतं, शेजारी विझलेली पणती. चौघांनी जोर लावल्याशिवाय जागचा न हलणारा बसवण्णा गायब!

बहात्तरच्या दुष्काळात नदीच्या दरडीत मुरूम खोदताना गावातल्या सिद्रामप्पांची पहार खणकन वाजली होती. निघालं ते बैलाचं डोकं, शिंगांच्या बुडख्यांसकट, पण दगडाचं. कुणी घडवलं, कधी पुरलं, हे विचारायला त्या वर्षी सवड कुणाला होती? गावानं नारळ फोडला, बसवण्णा, म्हणजे नंदी, म्हणून देवळात बसवलं, आणि पुढच्या साली पाऊस झाला. मग तर बोलायलाच नको.

बसवराज सर बदली होऊन या शाळेत विज्ञान शिकवायला आले तेव्हा दर्शनाला गेले आणि त्यांना दातांच्या खोबणी दिसल्या. घडवलेल्या नंदीला कोण कशाला दातांच्या खोबणी करील? ती हजारो वर्षांपूर्वीच्या रानबैलाची खरी कवटी होती, हाडाचा दगड झालेली. दरडीतून आणखी हाडं डोकावत होती. अशा खोदकामाला आणि शाळेतल्या पोरांना ते शिकवायला पुण्याची एक धर्मादाय संस्था देणगी देते, असं त्यांना कळलं आणि त्यांची पत्रं सुरू झाली.

त्यात यंदा पुन्हा पावसानं दडी मारली. उस्मानाबादेतून फुटून लातूरचा नवा जिल्हा झालेला, साहेब लोक नव्या दमाचे. रोजगार हमीचा रस्ता चुटकीसरशी मंजूर झाला. मुरूम कुठला, तर त्याच दरडीचा. सोमवारपासून. संस्थेचं पत्र दाखवलंत तर मुरूम दुसरीकडून उचलू, एवढं तहसिलीतून कबूल झालं होतं. पत्र नसेल तर दरड जाणार, हाडं रस्त्यात जाणार, वर रोडरोलर फिरणार.

"सर, मी फोटोवरून शिफारस करत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. संस्थेनं पाहणीला पाठवलेल्या त्या, सगळा जन्म जुनी हाडं अभ्यासण्यात गेलेला. त्यांना गंडवणं शक्य नव्हतं. "आणि मला आजच लातूर गाठायचंय."

देवळाच्या पायरीवर गौरम्मा वाती वळत बसली होती. सिद्रामप्पांची बायको. पूजेचं सगळं तीच बघायची.

"अव्वा, बसवण्णा कुठाय?"

"नदीला नेलाय की. माती द्यायला."

"माती? कुणाला?"

"त्येलाच! मेलाय म्हणून तूच सांगितलास न्हवं काल?"

आता बोला! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. काल संध्याकाळी सरांनीच गावाला देवळापुढं बसवून समजावलं होतं, की पुण्याच्या बाई येतील, बसवण्णाला हात लावतील, रागावू नका. सिद्रामप्पांनी विचारलं होतं, "मंग हाय तरी काय त्ये?" सर म्हणाले होते, "बसवण्णाच हाय, आप्पा. पण घडवलेला न्हाई. जित्ता होता, मेला. त्याचं हे डोस्कं." गाव खवळेल म्हणून ते जीव मुठीत धरून बसले होते. पण कुणी आवाज चढवला नाही. सिद्रामप्पांनी एवढंच विचारलं, "मंग माती कुणी दिली त्येला?" आणि सर हसून म्हणाले होते, "कोण देणार, आप्पा? कुणीच न्हाई." ते हसणं आता त्यांना आठवलं आणि स्वतःच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली.

ते नदीकडे निघाले, चालले कमी आणि धावले जास्त. बाई पदर खोचून मागे. कोरड्या पात्रातून टाळांचा आवाज येत होता.

दरडीच्या पोटात, जिथून काढला होता तिथंच, गावानं खड्डा घेतला होता. आत बसवण्णाला रीतीप्रमाणे पूर्वेकडे तोंड करून बसवलं होतं. कपाळाला ताजी विभूती, गळ्याच्या जागी झेंडूचा हार, पुढं बेल. खणताना निघालेली दोन लांब हाडं धुऊन एका पंच्यावर ठेवलेली. सिद्रामप्पा खड्ड्याच्या काठावर उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेलं.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. "पहिली मूठ तुझी. सांगावा तूच आणलास."

"आप्पा, बंद करा हे!" सर ओरडले. टाळ थांबले. "माझ्या दोन वर्षांच्या कष्टाची माती करताय तुम्ही! बाई पुण्याहून आल्यात, त्या काय बघतील आता?"

"त्यात वरडायचं काय? बघू दे की. मयताला बघायला आलेल्याला कोण आडवतंय?"

बाईंनी चपला काढल्या आणि त्या खड्ड्यात उतरल्या. शिंगाच्या बुडख्यावरून, दातांवरून त्यांचा हात हळूहळू फिरत गेला. सरांना त्यांचा चेहरा बघायचा होता, पण त्या पाठमोऱ्या होत्या.

सिद्रामप्पांचा आवाज खाली आला. "दावणीचा बैल मेला तर आपण उकिरड्यावर टाकतो का रे? खड्डा घेतो, हळद-कुंकू वाहतो. अन ह्या आपल्या दैवताला दहा वर्षं बिनमातीचं ठेवलं. वर त्याच्याच डोस्क्यापुढं नारळ फोडले. तू सांगितलास त्या टायमापासून घास उतरंना मला."

त्यांचे डोळे भरले होते. सरांचा राग जिथल्या तिथं विरघळला आणि नुसती भीती उरली. आत्ता माती पडली की ती पुन्हा उकरायची छाती कुणाची होणार नाही, हे ते जाणून होते. मयताला बसवून पुरणाऱ्या याच समाजात ते जन्मले होते. समाधी उकरणाऱ्याला गाव पाणी देत नाही. बाई रिकाम्या हातानं जातील, पत्र येणार नाही, आणि या खड्ड्यापुरती जागा सोडून बाकीची दरड सोमवारी रस्त्यावर पडेल.

बाई वर आल्या. सिद्रामप्पांनी मूठभर माती उचलून सरांच्या हातात दिली. सरांनी मूठ मिटली. मग म्हाताऱ्यानं सगळ्यांकडे बघून रीतीचा सवाल केला, तो प्रत्येक समाधीपाशी करायचाच असतो.

"कुणी यायचं राहिलंय का?"

सरांचे वडील गेले तेव्हाही हा सवाल झाला होता. थोरली बहीण हैदराबादेहून निघालेली होती. ती येईपर्यंत समाधी तशीच उघडी, आणि सगळं गाव उपाशी बसून होतं. लांबचं माणूस आल्याशिवाय माती पडत नाही.

"राहिलेत, आप्पा," सर म्हणाले. "लई जण यायचे राहिलेत."

"कोण?"

सरांनी दरडीकडे बोट केलं. "त्याची माणसं. समदी आतच हायत. अजून कुणी वर आलंच न्हाई."

सिद्रामप्पांनी पंच्यावरच्या हाडांकडे बघितलं. "ही बी त्यातलीच?"

"हाव. त्यातलीच."

मग सिद्रामप्पांनी हातातलं खोरं जमिनीला टेकवलं.

"मंग माती कशी देता येईल?"

"पण आप्पा, सोमवारी हितला मुरूम..." मागून कुणीतरी म्हणालं.

"मुरमाला कुदळ लावणार कोण? तू अन मीच न्हवं? लावशील का हितं?" म्हातारा बाईंकडे वळला. "बाई, तुमी ह्यातल्या जाणत्या. किती दिवस लागतील सगळे यायला?"

बाईंनी दरड वरपासून खालपर्यंत न्याहाळली. पिशवीतून टेप काढला आणि त्याचं एक टोक सरांच्या मोकळ्या हातात दिलं.

"घाई न करता, नीट काढायचे तर दोन वर्षं धरा," त्या म्हणाल्या. "मी संस्थेला तसंच लिहिते. सर, धरा ना घट्ट."

सरांनी टेप धरला.

"येऊ द्या सावकाश," सिद्रामप्पा खाली बसत म्हणाले. "तवर ह्येला उघड्यावर ठिवायला नको, वर मांडव घालू. अन बसू, आळीपाळीनं." मग त्यांचं लक्ष सरांच्या दुसऱ्या हाताकडे गेलं. "ती मूठ टाकू नको रे. जपून ठिव. समदे आले की पहिली तुझीच हाय."

सरांनी बाईंकडे बघितलं. बाई टेपवरचा आकडा बघत होत्या, की तसं दाखवत होत्या, कोण जाणे. सरांनी मुठीतली माती शर्टाच्या खिशात ओतली आणि वरचं बटण लावलं.