बाबल्याचं सुतक

चालण्याचं कौतुक मला कोणी सांगू नये. एकदा माझी गुहागरची एस्टी चुकली, तर मी सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, आडवी गेले आणि पुढच्या थांब्यावर एस्टीच्या आधी जाऊन उभी राहिले. कंडक्टरला विचारा. तो आता वारला, पण विचारा. मात्र ते चालणं म्हणजे डोक्यावर भारा नाहीतर काखेत टोपली. रिकाम्या हातांनी, कुठे जायचं नसताना, नुसतंच चालायचं, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

पंच्याऐंशी साल असेल. गुहागरच्या डॉक्टरने रक्त तपासलंन आणि साखर निघाली. रोज सकाळी तासभर भरभर चाला म्हणाला, मध्ये टेकायचं नाही, गोड बंद. मी लागले चालायला. पण आमची पाखाडी म्हणजे चढणीची दगडी वाट, आणि तिच्या कडेला नऊ घरं. पहिल्याच घरात सावित्री, खळ्यात, दारापुढच्या अंगणात, झाडू मारत असायची. काय येसूकाकी, कुठे चाललात? कुठेच नाही म्हटलं तर म्हणायची, मग बसा की, चाय टाकलाय. आमच्याकडे उंबऱ्यावरून हाक आली आणि माणूस तसंच पुढे गेलं, तर त्या घराशी भांडण आहे असं धरतात. म्हणून बसायचं. साखरेचं मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. पुढच्या घरात यमुनाबाई, तिच्या पुढे सगुणा. नऊ घरं, नऊ कप, आणि पाहुणी म्हणून मला साखर दीड चमचा. महिन्याने परत तपासलं तर साखर वाढलेली.

डॉक्टरने ते मुंबईला रघूला, माझ्या मुलाला कळवलंन. रघूचं पत्र आलं. आणखी पंधरा दिवस बघतो, नाही उतरली तर येऊन तुला घेऊन जातो. रघूची खोली दहा बाय बारा, माणसं सहा. मला पलंगावर बसवून ठेवली असती. मी एका पाटावर बसून अख्खं जेवू शकत नाही, भात खाऊन आमटीला उठते. पत्र वाचलं आणि त्या दिवशी मी घरातल्या घरातच इतक्या फेऱ्या घातल्या की जमिनीचं सारवण उडालं. माझं घर, माझं आगर, माझी वाट सोडून पलंगावर? त्यापेक्षा रात्रभर उभी राहीन.

दुसऱ्या दिवशी सावित्रीने हाक मारली आणि माझ्या तोंडातून आपोआप गेलं, "नको गो बाय, मला सुतक आहे."

सुतकी माणूस कोणाच्या घरात चढत नाही, आणि त्याला कोणी चढ म्हणत नाही. सावित्री झाडू घेऊन दोन पावलं मागे सरली. कोण गेलं, विचारलंन. मी म्हटलं, आमच्या भावकीतला बाबल्या. बोटीवर होता, तिकडे बसऱ्याकडे. असा कोणी बाबल्या जन्माला आलेला नव्हता हे मला माहीत होतं, पण नाव तोंडात आलं ते आलं.

सावित्रीला सांगितलं तेव्हा तो तापाने गेलेला. सगुणाच्या खळ्यापर्यंत तो डोलकाठीवरून पडला. शेवटच्या घराला सांगताना एस्टीएवढ्या माशाने त्याला गिळलंन आणि चपला तेवढ्या बाहेर टाकलेन. हे सगळं चालता चालता, कारण सुतकात दुसऱ्याच्या खळ्यात उभंसुद्धा राहू नये असं मीच सांगितलेलं. दहा दिवसांचं सुतक. पुढच्या पाच दिवसांसाठी भावकीत म्हातारी माणसं काय कमी होती?

माझ्या सासऱ्यांनी इथे येऊन घर बांधलेलं, त्यामुळे पाखाडीत आमच्या भावकीचं एकही घर नाही. भावकी सगळी सड्यापलीकडच्या गावात. तिथवर ही बातमी जाणार नाही असं मी धरून चाललेले. पण गुहागरच्या बाजारात माणसं मासे कमी घेतात आणि बातम्या जास्त.

सहाव्या दिवशी माझा चुलत दीर भागोजी दारात उभा. मी आधी ओळखलाच नाही. त्याची मिशी ही अशी कानापर्यंत होती, तिला खोबरेल लावायचा. ती काढलेलीन. भावकीतला मोठा म्हणून आधी त्याने काढलीन, मग बाकीच्या सोळा जणांनी.

खाली बसला आणि रडायलाच लागला. बाबल्यासाठी नव्हे. त्याच्या मुलीचा, चिमाचा साखरपुडा तीन दिवसांवर होता. मुलगा वेळणेश्वरचा, बोटीवर कामाला. त्या आठवड्यात बोट धरली की दीड वर्षाने परत येणार. सुतकात साखरपुडा होत नाही, आणि तिकडची माणसं थांबायला तयार नव्हती. चिमा दोन दिवस जेवली नाही म्हणाला.

मला बसवेना. मी ओटीवर येरझाऱ्या घातल्या. खरं सांगितलं तर सुतक सुटणार, चहा सुरू होणार आणि पलंग ठरलेला. नाही सांगितलं तर पोरीचं लग्न मोडणार. चिमा लहान असताना माझ्या मागे मागे सडाभर फिरलेली पोर. शेवटी मी थांबले आणि म्हटलं, "भाऊजी, बाबल्या नव्हताच."

"नव्हता म्हणजे?"

"मी बनवला त्याला. चहा टाळायला."

भागोजीने माझ्याकडे असं बघितलंन की जणू मीच बाबल्याला समुद्रात ढकललं. "वयनी, गेलेल्या माणसाला असं बोलू नये. मी त्याला खांद्यावर घेऊन शिमग्याला नाचलोय."

मी त्याला दोनदा सांगितलं, देवाची शपथ घातली. तो ऐकेना. माझं खरं आजवर कोणी ऐकलं नाही, त्यात त्याची चूक नाही. मग मला माझ्याच रस्त्याने जावं लागलं. मी म्हटलं, "बरं, होता. पण आठ वर्षांचा असताना त्याला खेडला दत्तक दिलेला. दत्तक गेलेल्याचं सुतक आपल्याला कुठलं?"

भागोजीने डोळे पुसलेन. "बरोबर," म्हणाला, "म्हणूनच नंतर कधी दिसला नाही." आणि चहासुद्धा न घेता सडा चढायला लागला.

साखरपुडा झाला. पण भागोजी सडा चढला त्याच दिवशी माझंही सुतक सुटलेलं, आणि तेव्हा डॉक्टरकडे जायला नऊ दिवस उरलेले. साखर झाली असं पाखाडीला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी रघूला लिहिलं असतं, म्हातारी एकटी आहे, घेऊन जा. म्हणून मी मान खाली घातली आणि चालत राहिले. सावित्रीने हाक मारली, मी ऐकलं नाही. यमुनाबाईने मारली, ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी सावित्री वाटेवर येऊन उभी राहिली. "आमच्या चायला वास येतो काय, काकी?" म्हणाली. मी तिला वळसा घालून गेले.  पाचव्या दिवसापासून हाका बंद. मला येताना बघून बायका आत जायच्या. माझे पाय मात्र प्रत्येक उंबऱ्याशी हळू व्हायचे, मी त्यांना ओढत न्यायची.

डॉक्टरने तपासलंन. साखर उतरलेली. एवढी की त्याने दोनदा बघितलंन. रघूला तसं लिहून दिलंन आणि मला म्हणाला, आजी, राहा खुशाल घरी.

एस्टीतून उतरले. घर आता माझंच होतं, पण घरी जावंसं वाटेना. पाखाडी चढून सावित्रीच्या खळ्यापाशी उभी राहिले. ती तांदूळ निवडत होती. वर बघितलंन, हाक नाही मारलीन. मीच म्हटलं, "सावित्री, पाणी दे गो."

तिने तांब्या आणलान. मी पाणी प्याले आणि सांगितलं, मला साखर झालेय, रघू घेऊन जाईल म्हणून लपवलं. सावित्रीने माझ्या तोंडाकडे बघितलंन, कुठे खोटं दिसतंय का म्हणून.

"डॉक्टरचा कागद दाखवा," म्हणाली.

मी दाखवला. तिला आकडा कळला नाही, पण शिक्का कळला. तांब्या उचललान, आणि बसा म्हणाली नाही. मीही बसले नाही. कागद मुठीत धरून यमुनाबाईच्या घराकडे निघाले. अजून आठ घरांना सांगायचं होतं.