गाडी तापली म्हणून

सूनबाईंनी कॉम्प्युटरला नवा प्रोसेसर बसवला आणि त्या दिवसापासून ड्रायव्हरसाहेब बुद्धिबळात हरायला लागले.

ड्रायव्हरसाहेब म्हणजे तिचे सासरे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गल्लीत, दुकानात, दवाखान्यात त्यांना सगळे अजून ड्रायव्हरसाहेबच म्हणतात आणि दुसऱ्या नावाने हाक मारलेली त्यांना खपतही नाही. उभी हयात त्यांनी शहराची बस चालवली आणि त्या बसवर कंडक्टर कायम एकच. डेपोत गाडी पुढच्या फेरीसाठी थांबली की दोघं मागच्या सीटवर पट मांडायचे. ड्रायव्हरसाहेब जिंकायचे, कंडक्टर चिडायचा. पुढे कंडक्टर लेकीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेला, तसा पटही कॉम्प्युटरवर गेला. रोज दुपारी खेळ आणि शेजारी फोन स्पीकरवर. तो अजूनही हरायचा आणि अजूनही चिडायचा. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

सूनबाईंचं काम म्हणजे अजून बांधल्याच नाहीत अशा इमारतींची हुबेहूब चित्रं करणं. एकेक चित्र तयार व्हायला जुना कॉम्प्युटर दिवस दिवस खायचा, म्हणून हा नवा प्रोसेसर. आता सासरे दुपारी खेळायला बसले तरी तिचं चित्र मागच्या मागे तयार होत राहायचं. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दाखवणारी एक चौकट मात्र जुनीच राहिली होती. सत्तरच्या आत हिरवा आकडा, वर गेला की लाल. जुन्या प्रोसेसरच्या काळात तिथे कधी लाल दिसलंच नाही, त्यामुळे ड्रायव्हरसाहेबांनी त्या चौकटीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मध्यंतरी कंडक्टर आजारी म्हणून महिनाभर खेळ बंद होता, तो पुन्हा सुरू झाला तो नव्या प्रोसेसरवरच, आणि पहिल्याच दुपारी आकडा चौऱ्याऐंशीवर गेला. लालभडक!

ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे लाल आलं की त्याला काय होतं, हे ज्याने बस चालवली नाही त्याला कळायचं नाही. इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला की गाडी बाजूला आणि इंजिन बंद, मग आत प्रवासी कितीही ओरडोत. परीक्षेला निघालेल्या मुलांनी भरलेली बस त्यांनी एकदा भर पुलावर उभी केली होती. त्याचा त्यांना आजही अभिमान आहे, मुलांना नसावा.

तेव्हा त्यांनी आपल्या मते योग्य तेच केलं. आकडा सत्त्याऐंशी झाला, कंडक्टरचा राजा कोपऱ्यात कोंडलेला होता, आणखी दोन-तीन चालींत खेळ खलास होता. ड्रायव्हरसाहेबांनी ‘हार मान्य’चं बटण दाबलं, फोनवर “तू जिंकलास बाबा, छान खेळलास” म्हणाले आणि कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. खरं कारण फोनवर कसं सांगणार? सूनबाई पलीकडच्याच खोलीत. तिने हौसेने आणलेल्या वस्तूला सासऱ्याने नावं ठेवायची, हे काही बरं दिसत नाही. ते मूग गिळून बसले.

तिकडे सूनबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. रोज संध्याकाळी येऊन बघावं तर कॉम्प्युटर बंद आणि चित्र अर्धवट. तिला वाटलं, हा तापून आपोआप बंद पडतोय. तिने डबा उघडून पंखा काढला, प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा लेप पुसून नवा लावला, सगळ्या तारा तपासल्या. ती घाबरलेली पाहून ड्रायव्हरसाहेबांची खात्रीच पटली, की गाडी नक्की तापते आहे. दोघं एकमेकांकडे पाहून काळजी करत होते आणि बोलत कुणीच नव्हतं. अशा घरात कॉम्प्युटर काय करणार बिचारा?

मग एका दुपारी कंडक्टरचा फोन आला. आवाज अगदी थंड होता.

“ड्रायव्हर, तुझा वजीर माझ्या राजाच्या उरावर बसला होता आणि तू हार मानलीस? वर छान खेळलास म्हणतोस? डेपोत कधी मला छान म्हणाला होतास?”

“अरे, तसं नाही रे...”

“हृदयाचं ऑपरेशन झालंय माझं, डोक्याचं नाही. इथे सगळे माझ्याशी कुजबुजत बोलतात. जिना चढायला डॉक्टरांनी परवानगी दिली, लेक देत नाही. टीव्हीवर सामना रंगात आला की बंद करते. दया करणारे घरात पुष्कळ आहेत, त्यात तुझी भर नको. उद्यापासून खेळ बंद.”

फोन कट झाला. ड्रायव्हरसाहेब घाबरले. हा एक माणूस गेला तर दुपारी भांडायचं कुणाशी? ते तडक सूनबाईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे रोज तुम्ही बंद करत होता?” तिने कपाळावर हात मारला. “अहो बाबा, दोनदा उघडला मी तो!”

“लाल झाला होता, पोरी.”

“ती सत्तरची मर्यादा जुन्या प्रोसेसरसाठी होती, मी बदलायची विसरले. हा पंच्याण्णवपर्यंत बिनधास्त चालतो. त्यापुढे गेला तर आपला आपण हळू होतो. तुमच्या बसचं इंजिन किती अंशांवर चालायचं?”

“आमच्या काट्याला आकडे नव्हते. नुसतं हिरवं आणि लाल.”

“नव्वदच्या आसपास चालायचं, बाबा. रोज. हिरव्यात.”

ड्रायव्हरसाहेब कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. मग त्यांनी कंडक्टरला फोन लावला.

“कॉम्प्युटर तापत होता म्हणून मी हार मानली,” ते म्हणाले.

“वा! यापेक्षा बरी थाप सुचली नाही?”

“एक डाव खेळ. शेवटचा. पटलं नाही तर सोड.”

कुरकुरत का होईना, कंडक्टर बसला. चौकटीत लाल सत्त्याऐंशी होते. सूनबाईंनी मर्यादा बदलायला हात पुढे केला, तर सासरे म्हणाले, “राहू दे, लाल बघायची सवय होऊ दे मला.” डाव रंगला. कंडक्टर खरंच चांगला खेळत होता आणि नेहमीप्रमाणे घाई करत होता. घाईघाईत त्याने वजीर उघड्यावर टाकला.

ड्रायव्हरसाहेबांचा हात माउसवर थांबला. कालच कंडक्टरच्या लेकीचा निरोप आला होता, ‘काका, बाबांना ताण देऊ नका.’ आतापर्यंत त्यांनी दया केली होती ती कॉम्प्युटरवर. माणसावर दया करायची पाळी आज पहिल्यांदा आली होती. वजीर न मारता नुसतं प्यादं सरकवलं तर कुणाला कळणारही नव्हतं. त्यांना खरोखर भीती वाटली.

त्यांनी वजीर मारला.

फोनवर खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज आला. पाठोपाठ लेकीचा घाबरा आवाज, “बाबा, काय झालं? चेहरा किती लाल झालाय तुमचा! बंद करा तो खेळ!”

“तू आधी बाहेर जा!” कंडक्टर डेपोतल्यासारखा कडाडला. “दिसत नाही, मी हरतोय?”

दार आपटलं. कंडक्टर धापा टाकत हसत होता.

“ड्रायव्हर, आहेस ना रे? ऑपरेशन झाल्यापासून कुणीतरी पहिल्यांदा मला धडपणे मारतंय. थांबू नकोस.”

ड्रायव्हरसाहेबांनी डोळे पुसले आणि त्याचा हत्तीही मारला.