सगळ्यांचा नंबर कमलिनीबाईंचा

अड्यारच्या ऑफिसात २००५ साली नवं डिजिटल एक्स्चेंज बसलं आणि दुसऱ्या दिवसापासून कमलिनीबाईंना मान वर करायला फुरसत मिळेना. ऑफिसातल्या त्रेसष्ट फोनांपैकी कुठूनही बाहेर फोन लावला, की समोरच्याच्या स्क्रीनवर नंबर दिसे तो कमलिनीबाईंचा. फोन चुकला, की लोक त्याच नंबरवर उलट फोन करत. बाईंकडे काम रजेच्या अर्जांचं. आता त्या दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या बायकोला तमिळमधून सांगत, "सर जेवायला गेलेत."

सगळ्यांत चिवट सांगलीच्या सईबाई. त्यांचा मुलगा दर्शन इथे नुकताच लागला होता.

"माझा मुलगा रोज तुमच्या फोनवरून का बोलतो?"

"अहो, तो स्वतःच्याच फोनवरून बोलतो. नंबर माझा दिसतो. सगळ्यांचाच माझा दिसतो."

"किती जणांचा?"

"त्रेसष्ट."

"तुमच्या घरच्यांना चालतं हे?"

तक्रार गेली, तेव्हा एक्स्चेंज बसवणाऱ्या कंपनीचा सिद्धार्थ आला. त्यानं बाईंच्या फोनवरून स्वतःचा मोबाइल वाजवून पाहिला.

"मॅडम, तुमच्या फोनवरून तुमचाच नंबर येतोय. बिघाड नाही."

"दुसऱ्याच्या फोनवरून बघा ना!"

"तक्रार तुमच्या नंबरची आहे. दुसऱ्यांनी आपापल्या नंबरवरून करायला हवी."

मग बासष्ट जणांनी आपापल्या फोनवरून तक्रार केली. कंपनीकडे नोंद झाली ती एकाच नंबरवरून बासष्ट वेळा फोन आल्याची. चौथ्या दिवशी पत्र आलं, की आपल्याकडील एक महिला आम्हाला नाहक त्रास देत आहेत.

ऑफिसचे साहेब माधवराव पत्र घेऊन बाईंच्या टेबलाशी आले. "मला सगळं माहीत आहे हो. पण पत्र आलंय म्हटल्यावर तुमचा लेखी खुलासा लागेल."

बाईंना रडू यायला हवं होतं, पण त्या भडकल्या. खुलासा लिहिलाच नाही. त्या सकाळपासून जो कोणी फोन करी, त्याला त्या गोड आवाजात सांगू लागल्या, "ते आता या नंबरवर भेटतात," आणि कंपनीचा नंबर देत. दुपारपर्यंत कंपनीत एकोणतीस बायका, अकरा आया आणि एक सासरे येऊन गेले, अर्थात फोनवर. सईबाईंनी तर सिद्धार्थला विचारलं, "माझ्या दर्शनला कुठं डांबलंय?"

चार वाजता सिद्धार्थ घामाघूम होऊन धावत आला. एक सेटिंग बदललं, तीन मिनिटांत. ज्याचा त्याचा नंबर ज्याला त्याला मिळाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी निवांत अर्ज पुढे ओढले, तर दर्शन येऊन घुटमळत उभा.

"काकू, तुमच्या फोनवरून घरी एक फोन करू? आई अनोळखी नंबर उचलत नाही. तुमचा नंबर तिनं माझ्या नावानं ठेवलाय."

बाईंनी फोन त्याच्याकडे सरकवला. "कर. आणि मी कशी आहे विचारलं, तर बरी आहे म्हण."